समुद्र नसलेल्या शहरात 'रायडर्स टु द सी': नव्या नाट्यगटांसाठी वाचनापासून प्रयोगापर्यंत

एकांकिकेच्या शोधात असलेल्या नव्या गटापुढे जॉन मिलिंग्टन सिंग या आयरिश नाटककाराची 'रायडर्स टु द सी' केव्हा ना केव्हा येतेच. बोलणारी पात्रे मोजकी, नेपथ्य एका स्वयंपाकघराचे आणि प्रयोग जेमतेम अर्ध्या तासाचा, त्यामुळे ती सोपी वाटते आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरातही ती करून पाहावीशी वाटते. ती जरूर करावी. मात्र समुद्रात बुडालेल्या मुलांच्या आईची गोष्ट म्हटली की गट रडण्यापासून सुरुवात करतो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच प्रेक्षकाजवळ पुढे वाट पाहण्यासारखे काही उरत नाही. या नाटकातले दुःख संवादांपेक्षा घरातल्या वस्तूंमध्ये अधिक आहे आणि त्यातली नियती पोटापाण्याच्या कामातून चालत येते. हे धरून संहितेकडे कसे जावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

सिंग यांचा जन्म 1871 चा आणि मृत्यू 1909 चा, म्हणजे आयुष्य अडतीस वर्षांचेही पुरते नव्हे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे अरान नावाची तीन बेटे आहेत. 1898 ते 1902 या काळात सिंग दरवर्षी तेथे जाऊन राहिले, तेथील लोकांची आयरिश भाषा शिकले आणि त्यांच्या गोष्टी ऐकून टिपून ठेवल्या. या एकांकिकेचा कणा त्या टिपणांतच सापडतो. बुडालेल्या माणसाचे प्रेत दूर उत्तरेला डोनेगलच्या किनाऱ्याला लागले आणि अंगावरच्या कपड्यांवरून त्याची ओळख पटली, ही हकिकत त्यांनी त्यांतल्या इनिशमान बेटावर ऐकली होती. घोडे किनाऱ्याकडे नेले जात असताना एका म्हातारीला त्यांतील एका घोड्यावर आपला बुडालेला मुलगा बसलेला दिसला, ही गोष्टही तेथलीच. पहिला प्रयोग 25 फेब्रुवारी 1904 रोजी डब्लिनच्या मोल्सवर्थ हॉलमध्ये झाला.

बेटांविषयी एवढे गटातल्या प्रत्येकाला माहीत असावे: जमीन चुनखडीच्या खडकाची, झाडे जवळजवळ नाहीत, वाळू आणि समुद्रशेवाळ अंथरून माती तयार करायची. कुरॅक नावाची होडी म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर ताणलेले डांबरी कॅनव्हास. लाकडाची फळी मुख्य भूमीवरून, कॉनेमारातून, पैसे मोजून आणावी लागते. हे ठाऊक नसेल तर भिंतीशी टेकवलेल्या नव्या पांढऱ्या फळ्या नटांना नेपथ्याचा भाग वाटतात. त्या शवपेटीच्या फळ्या आहेत, त्या घराने दुःखासाठी मोठी किंमत मोजून आधीच करून ठेवलेली तरतूद.

पहिली पायरी: एका बैठकीत, मोठ्याने, भूमिका न वाटता

पहिल्या वाचनाला भूमिका वाटू नयेत. सर्वांनी गोल बसावे आणि प्रत्येकाने एकेक संवाद वाचत पुढे जावे. उन्हाळ्यात तालीम असेल तर वाचनापुरता कूलर बंद ठेवावा, कारण या संहितेतील विराम ऐकू आले नाहीत तर वाचन वाया जाते. अर्थासाठी मध्ये थांबू नये. वाचून झाल्यावर प्रत्येकाने लक्षात राहिलेली एक वस्तू सांगावी. पात्र, वाक्य किंवा प्रसंग विचारू नये, वस्तूच विचारावी. कोणी दोर म्हणेल, कोणी पायमोजा, कोणी भाकर. दिग्दर्शकाने ही यादी जपून ठेवावी.

दुसरी पायरी: मृतांची वंशावळ भिंतीवर लावावी

मॉर्या या म्हाताऱ्या आईच्या घरातून आठ पुरुष गेले आहेत: सासरा, नवरा आणि सहा मुलगे. पडदा उघडतो तेव्हा त्यांतील सहा नक्की गेलेले आहेत, सातवा मायकेल नऊ दिवसांपासून बेपत्ता आहे, आणि आठवा, सर्वांत धाकटा बार्टली, अजून जिवंत आहे. स्टीफन आणि शॉन मोठ्या वादळात गेले, दोघे एका खाडीत सापडले आणि एकाच फळीवरून याच दारातून आत आणले गेले. शेमस, त्याचा बाप आणि आजोबा एका काळ्याकुट्ट रात्री गेले, आणि सूर्य उगवला तेव्हा त्यांचा मागमूस नव्हता. पॅच उलटलेल्या कुरॅकमधून बुडाला.

ही नावे मोठ्या कागदावर लिहून तालमीच्या खोलीत लावावीत. मॉर्या शेवटाकडे ती एकेक करून उच्चारते तेव्हा नटीला प्रत्येक नावामागे वेगळा माणूस दिसायला हवा. सारी नावे एका सुरात घेतली तर प्रेक्षकाला आकडा कळतो, माणसे कळत नाहीत. पॅचचा प्रसंग तर स्वतंत्रपणे बसवावा. बार्टली मांडीवरचे मूल होता, दोन, मग तीन, मग चार बायका क्रूसाची खूण करीत आत आल्या, आणि त्यांच्यामागून पुरुषांनी लाल शिडाच्या अर्ध्या तुकड्यात काहीतरी उचलून आणले. दिवस कोरडा होता, तरी पाण्याचा माग दारापर्यंत उमटला होता. मॉर्या हे सांगत असतानाच दार उघडते आणि तशाच बायका खरोखर आत येऊ लागतात. भूतकाळ सांगता सांगता वर्तमान होतो, आणि या एका जोडावर सारे नाटक उभे आहे. बायकांच्या प्रवेशाचा क्षण एक वाक्य उशिरा आला तरी तो जोड उसवतो, म्हणून विंगेतल्या नटींना तो संवाद तोंडपाठ असावा.

तिसरी पायरी: वस्तूंचा माग काढावा

नव्या गटाने सर्वांत जास्त वेळ येथे घालवावा. पहिल्या वाचनातली यादी काढावी आणि प्रत्येक वस्तू कोणासाठी आणली होती व शेवटी कोणाच्या वाट्याला गेली, ते लिहावे.

नवा दोर घ्या. मायकेलचे प्रेत सापडले तर त्याची पेटी खोल कबरीत उतरवायला तो लागेल, म्हणून मॉर्याला तो घरात हवा आहे. काळ्या पायांचे डुक्कर तो खाऊ लागले होते म्हणून मॉर्याची थोरली मुलगी कॅथलीन हिने तो खिळ्याला टांगून ठेवला आहे. घोड्यांच्या बाजाराला निघालेला बार्टली तो काढून घेतो, कारण घोडीला लगाम नाही. मेलेल्या भावासाठी राखलेला दोर जिवंत भाऊ आपल्या शेवटच्या फेरीला नेतो, आणि रंगमंचावर त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. बार्टली होणाऱ्या नटाने दोराचा फास करण्याचे काम घरी पन्नास वेळा करावे. बोलता बोलता हात आपोआप चालले पाहिजेत. तो आईकडे पाहत दोर वळू लागला तर प्रसंग भांडणाचा होतो. खरे तर तो फक्त घाईत आहे, भरती-ओहोटीची वेळ सांभाळतो आहे.

शर्टाचेही तसेच. बार्टलीचा स्वतःचा शर्ट खाऱ्या पाण्याने जड झाला होता म्हणून त्या सकाळी त्याने मायकेलचा शर्ट घातला आहे. त्यामुळेच डोनेगलला सापडलेल्या प्रेताच्या कपड्यांचे जे गाठोडे आले आहे त्यातला शर्ट बहिणींना पुरता ताडून पाहता येत नाही आणि त्यांना पायमोज्याकडे वळावे लागते. धाकटी बहीण नोरा टाके मोजते. तिने स्वतः विणलेल्या तिसऱ्या जोडीतला तो दुसरा मोजा: साठ टाके घातले होते, त्यांतले चार सोडले होते. मोजणी जुळते आणि भाऊ मेल्याचे सिद्ध होते. या जागी नटीने रडण्याआधी खरोखर मोजावे. बोट टाक्यांवरून सरकावे, ओठ हलावेत, मध्ये आकडा चुकल्यासारखा वाटून पुन्हा मागे यावे. प्रेक्षक तिच्याबरोबर मोजू लागला की दिग्दर्शकाने त्या जागी आणखी काही करायची गरज उरत नाही. गाठोड्याची गाठ मिठाने काळी आणि घट्ट झालेली आहे, ती सुटत नाही, सुरीने कापावी लागते. प्रॉपर्टी सांभाळणाऱ्याने ती दोरी दोन दिवस मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवावी. कडक झालेल्या दोरीशी हात कसे झगडतात हे शिकवून येत नाही.

मग भाकर, म्हणजे चुलीशी भाजलेला जाड पाव. पडदा उघडल्यावर कॅथलीन तो थापून भांड्यात ठेवते. बार्टली उपाशीच निघून जातो. आई त्याला वाटेत गाठायला निघते तेव्हा पावाचा तुकडा फडक्यात बांधून नेते आणि तो तसाच हातात घेऊन परत येते. शेवटी पेटी तयार करणाऱ्या म्हाताऱ्याला कॅथलीन सांगते की काम करता करता खायला ताजा पाव आहे. मुलाच्या वाटखर्चीचा पाव त्याची शवपेटी करणाऱ्यांच्या न्याहारीला लागतो. पांढऱ्या फळ्या मायकेलसाठी आणलेल्या असतात, त्या बार्टलीच्या होतात. आणि खिळे आणायला कोणालाच सुचलेले नसते. इतक्या पेट्या पाहिलेल्या बाईला खिळे कसे आठवले नाहीत, असे तेथला दुसरा एक माणूस म्हणतो. कॅथलीनचे उत्तर एवढेच की आई आता थकली आहे, खचली आहे. सगळ्या नाटकात मला हाच भाग सर्वांत असह्य वाटतो, कारण येथे प्रथमच त्या घराची सवयीची तयारी तुटते. खिळ्यांचे वाक्य कुजबुजीतही म्हणू नये आणि जोर देऊनही म्हणू नये. सुतार कामाच्या जागी विचारतो तसे ते यावे.

चौथी पायरी: नियती म्हणजे काय, याचा निर्णय तालमीआधी करावा

मॉर्या आधी बार्टलीला थांबवू पाहते. हजार घोड्यांपेक्षा एक मुलगा मोलाचा, अशा आशयाचे ती बोलते. तो ऐकत नाही. पुढचे दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ दुसरी बोट नाही आणि घोड्यांचा बाजार चांगला भरणार आहे, असे त्याने ऐकले आहे. जाण्याआधी तो बहिणीला शेवाळ गोळा करायला आणि भाव बरा आला तर डुक्कर विकायला सांगतो. मरायला निघालेला माणूस असे बोलत नाही. तो कमवायला निघाला आहे. त्या घरात आता मिळवता पुरुष तो एकटाच आहे.

नियती तयार झाली आहे ती येथे. कोणी शाप दिलेला नाही, कोणी पाप केलेले नाही. समुद्रावर गेले नाही तर घर उपाशी मरते आणि गेले तर घरातला पुरुष मरतो. कोरडवाहू कापूस पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मागच्या वर्षीचे सगळे आठवत असते, तरीही मृग लागला की तो बियाणे आणायला निघतोच, आणि घरातले कोणी त्याला अडवत नाही. विदर्भातल्या नटाला बार्टलीचे निघणे समजण्यासाठी समुद्र पाहण्याची गरज नाही.

मग आशीर्वादाचे काय? बार्टली घरातून निघतो तेव्हा मॉर्या त्याला आशीर्वाद देत नाही. कॅथलीन तिला रागावते आणि विहिरीपाशी जाऊन त्याला गाठायला सांगते. आई मायकेलची काठी टेकत जाते. बार्टली तिला पाहून देवाचे नाव घेतो, पण तिच्या घशात शब्द अडकतात. प्रेक्षकाने येथे काय समजावे? आशीर्वाद दिला असता तर तो वाचला असता का? नाटक याचे उत्तर देत नाही आणि दिग्दर्शकानेही देऊ नये. आपल्या घरांतही निघणाऱ्याला कोणी नीट निरोप दिला नाही तर दिवसभर रुखरुख लागते, आणि संध्याकाळी काही वाईट घडले तर ती रुखरुख जन्मभराची होते. मॉर्याने तो अपराध स्वतःकडे घेतला की नाही, हे नटीने ठरवावे आणि मनात ठेवावे. प्रकाश किंवा संगीत वापरून ते सांगू नये.

पाचवी पायरी: दृष्टांताचा प्रसंग

मॉर्या परत येते आणि सांगते की बार्टली लाल घोडीवर पुढे होता आणि मागच्या करड्या तट्टावर मायकेल बसला होता, अंगावर चांगले कपडे, पायांत नवे जोडे. नवे गट येथे निळा प्रकाश आणि बासरी आणतात. दोन्ही टाळावे. मॉर्या साक्षीदार आहे. पंचासमोर जबाब देताना माणूस जसा पाहिलेले तेवढेच सांगतो तसे तिने सांगावे. तिला सर्वांत जास्त हादरवणारा तपशील मायकेलच्या पायांतले नवे जोडे हा आहे, म्हणून तेथे तिचा आवाज किंचित थांबला तर चालेल.

त्याच वेळी मुलींकडेही लक्ष असावे. मायकेल मेल्याची खात्री त्यांना थोड्याच वेळापूर्वी झाली आहे आणि आईपासून ती लपवण्यासाठी त्यांनी कपडे चुलीशेजारच्या कोनाड्यात खुपसले आहेत. आईला सांभाळून घ्यायचे त्यांनी ठरवले होते, आणि आई त्यांच्या पुढचे पाहून आली आहे. बार्टलीला समुद्रात लोटणारे जनावर तेच करडे तट्टू असते, हे शेवटी एका वाक्यात कळते. ते वाक्य प्रेक्षकापर्यंत पोहोचावे म्हणून आधी 'करडे' हा शब्द स्पष्ट ऐकू गेलेला असला पाहिजे.

सहावी पायरी: शोक कसा बसवावा

बायका लाल परकर डोक्यावरून घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि संथ लयीत, अंग डोलवत शोक करतात. आयर्लंडमध्ये मृताजवळ बायकांनी सुरात शोक करण्याची जुनी रीत होती. येथे आपल्याकडचा हंबरडा किंवा ऊर बडवणे आणू नये. त्याची लय वेगळी आणि जोर वेगळा. एका खालच्या सुरात, शब्दाविना, श्वासाच्या मापाने गुणगुणत राहणे पुरे होते. मॉर्याच्या शेवटच्या बोलण्याखाली तो सूर सतत असावा, पण तिचा एकही शब्द त्याने झाकू नये. हे जमवायला पाच-सहा तालमी केवळ त्या बायकांच्या घ्याव्यात.

मॉर्या मात्र त्या सुरात सामील होत नाही. आता समुद्र माझे आणखी काही करू शकत नाही, हे तिचे म्हणणे हरलेल्या बाईचे नाही आणि जिंकलेल्या बाईचेही नाही. वारा कोणत्या दिशेचा, लाट कोणत्या लाटेवर आदळते आहे, याचा हिशेब तिने आयुष्यभर रात्ररात्र जागून ठेवला. आता तो ठेवण्याचे कारण संपले. तिच्या आवाजात विसावा आहे, आणि ऐकणाऱ्याला तोच सोसवत नाही. ती मायकेलचे कपडे बार्टलीच्या पायांवर पसरते, पवित्र पाणी शिंपडते, आणि रिकामा पेला टेबलावर पालथा ठेवते. पेला पालथा घालण्याची कृती संहितेत लिहिलेली आहे. ती सावकाश, काचेचा किंवा मातीचा पेला लाकडावर टेकल्याचा आवाज येईल अशी करावी. कोणीही माणूस कायम जगत नाही आणि आपण समाधान मानले पाहिजे, या अर्थाच्या शेवटच्या वाक्याला प्रवचनाचा सूर लागू देऊ नये. विशीतल्या मुलीने ही भूमिका करायची असेल तर पाठीला बाक, थरथरता आवाज आणि रंगवलेल्या सुरकुत्या नकोत. हालचाली थोड्या आणि उशिरा केल्या की वय दिसते.

सातवी पायरी: नागपुरातली जुळवाजुळव

कथा कोकणात हलवण्याचा मोह होतो. माझे मत स्पष्ट आहे: हलवू नये. शवपेटी, पाद्री, घोडे बोटीवर चढवून बाजाराला नेणे, शेवाळ जाळून विकणे, यांतले काहीही कोकणात तसेच्या तसे बसत नाही, आणि आपल्या कोळी समाजाच्या स्वतःच्या देवता आणि रीती आहेत, त्यांवर उसने दुःख लादणे बरे नव्हे. नावे आणि गाव आयर्लंडचेच ठेवावे. भाषा साधी, घरगुती मराठी असावी. गट घरी वऱ्हाडी बोलत असेल तर वऱ्हाडीतही प्रयोग उभा राहतो, पण मग सर्व पात्रांनी एकाच धाटणीत बोलावे आणि हशा येईल अशी लकब टाळावी.

फळ्यांसाठी लकडगंजमध्ये जावे. सागवान घेऊ नये, तो रंगाने गडद आणि महागही असतो. पॅकिंगच्या पेट्यांना वापरतात ते फिके पाइनचे लाकूड मंचावर पांढरे दिसते. पेटीची कल्पना आपल्या अनेक प्रेक्षकांना सरावाची नाही, म्हणून दोन फळ्या माणसाच्या उंचीहून थोड्या लांब असाव्यात आणि सुरुवातीला नोराने त्यांच्याकडे एकदा पाहून नजर काढून घ्यावी. सूतकताईचे चाक हवे असते, पण पेटी-चरखा कदापि वापरू नये. सेवाग्राम आपल्या इतके जवळ आहे की प्रेक्षकाच्या मनात लगेच गांधीजी येतात. सुताराकडून उभे मोठे चाक करून घ्यावे, आणि गाठोड्याविषयी ऐकताच कॅथलीनच्या हातून ते थांबते, त्यासाठी फिरताना त्याचा थोडा आवाज होऊ द्यावा.

लाटांचे रेकॉर्डिंग पूर्ण वेळ लावू नये. समुद्र या नाटकात दिसत नाही, तो दाराने कळतो. सुरुवातीलाच वाऱ्याच्या झोताने दार सताड उघडते. तेवढ्या जागी आवाज द्यावा, पुन्हा शेवटाकडे किनाऱ्यावरचा आक्रोश दुरून ऐकू येतो तेथे द्यावा, आणि बाकी सगळीकडे घर शांत ठेवावे. फळीवरून आणलेल्या बार्टलीवरचा शिडाचा तुकडा खरोखर ओला असावा. थंडीत प्रयोग असेल तर त्या नटाला अंगाखाली कोरडी घोंगडी द्यावी आणि मंद श्वास घेण्याचा सराव करून घ्यावा, कारण त्याला बराच वेळ निश्चल पडून राहायचे आहे.

सायंटिफिक सभागृहात किंवा वसंतराव देशपांडे सभागृहात प्रयोग करणार असाल तर तालमीच्या खोलीतला खालचा सूर तेथे शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. निदान एक रंगीत तालीम प्रत्यक्ष मंचावर घ्यावी आणि त्या वेळी दिग्दर्शकाने शेवटच्या रांगेत बसावे. सिंग यांच्या मूळ संहितेवर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही, पण तुम्ही वापरत असलेला मराठी अनुवाद अलीकडचा असेल तर अनुवादकाची लेखी परवानगी घ्यावी. जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते; त्याचा अर्ज तालमी सुरू होतानाच करावा, म्हणजे सभागृहाची तारीख घेताना अडचण येत नाही.